खराटा आणि कीर्तन : वऱ्हाडातील आरोग्यविचाराची भाषा

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा नळ, गटारे, कायदे आणि लसी यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. तो तसा लिहिला जाणे स्वाभाविकही आहे. परंतु या इतिहासाला आणखी एक अंग आहे, ते भाषेचे होय. स्वच्छतेचा कोणताही नियम समाजात रुजण्यापूर्वी तो कोणत्या तरी शब्दांतून लोकांपर्यंत पोचावा लागतो. आणि ते शब्द लोकांच्या तोंडचे नसतील, तर नियम दप्तरात राहतो व उकिरडा दारात राहतो. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांनी, म्हणजे जुन्या वऱ्हाडच्या मध्यभागाने, या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. श्रीसंत गाडगेबाबांचे कार्य हे ते उत्तर होय. त्या कार्याचा भाषिक अंगाने विचार केल्यास काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

प्रथम रोगांची नावे पाहावीत. कॉलऱ्याला मराठीत 'पटकी' म्हणत. साथ म्हणून ती आली की तिला 'मरी' म्हणत, आणि गावाच्या शिवेवर मरीआईचे ठाणे असे. देवीच्या रोगाला तर निराळे नावच नव्हते. देवी हेच रोगाचे नाव आणि हेच दैवताचे. भारतात जेन्नरची लस प्रथम टोचली गेली ती १८०२ मध्ये मुंबईत. पुढे ही लस खेडोपाडी गेली, तेव्हा मराठीने तिच्यासाठी संस्कृत शब्द घडविला नाही. 'देवी काढणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. 'देवी येणे' म्हणजे रोग आणि 'देवी काढणे' म्हणजे त्याचा प्रतिबंध, असा हा भेद केवळ क्रियापदाने साधला गेला. नव्या विद्येला जुन्या श्रद्धेच्या घरात अशा रीतीने जागा मिळाली. १९८० मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण वाक्प्रचार वृद्धांच्या बोलण्यात पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

प्रत्येक ठिकाणी मात्र हे इतक्या सहजतेने घडले नाही. आरोग्यखात्याची मराठी जसजशी बनत गेली, तसतसे तिच्यात 'जलनिःसारण', 'मलनिःसारण', 'निर्जंतुकीकरण' यांसारखे शब्द आले. ते व्युत्पत्तीने निर्दोष आहेत; परंतु कापूस वेचणाऱ्या बाईच्या किंवा बैल राखणाऱ्या मुलाच्या जगात त्यांना आधार नाही. तिच्या जगातले शब्द सडा, सारवण, केर, मोरी, उकिरडा, पाणवठा हे होत. या दोन शब्दसृष्टींमध्ये जे अंतर पडले, ते केवळ शिक्षणाचे अंतर नव्हते. त्याच्या मुळाशी एक अधिक खोल गोंधळ होता.

हा गोंधळ 'घाण' आणि 'विटाळ' या दोन कल्पनांचा होय. घाण ही डोळ्यांना दिसते, नाकाला कळते आणि ती झाडून किंवा धुऊन जाते. विटाळ हा दिसत नाही. तो जन्मावर, स्पर्शावर किंवा प्रसंगावर अवलंबून असतो. परंपरागत व्यवहारात 'शुद्ध', 'सोवळे', 'ओवळे', 'शिवाशिव' हे सर्व शब्द विटाळाच्या बाजूचे आहेत. याचा परिणाम असा की, ज्या नदीत गुरे धुतली जातात, कपडे धुतले जातात आणि जत्रेच्या दिवशी हजारो लोक स्नान करतात, तिचे पाणी पवित्र म्हणून निःशंकपणे प्यायले जाई. आणि उलट, घासूनपुसून लख्ख केलेल्या भांड्यातले पाणी केवळ ते भरणाऱ्याच्या जातीमुळे त्याज्य ठरे. कॉलऱ्याचा जंतू यांपैकी कोणताच भेद जाणत नाही. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तलावाच्या पाण्यातून हा जंतू दाखवून दिला. परंतु ज्या भाषेत पवित्र पाणी आणि स्वच्छ पाणी यांत भेद करण्याची सवय नाही, तिच्यात तो शोध सांगावा कसा, हा प्रश्न उरतोच.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनाने खंगून लवकर गेले. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, मामांच्या घरी, गुरे राखण्यात व शेती करण्यात गेले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे, अशा वेषात ते हिंडत. गाडगे हेच त्यांचे जेवणाचे पात्र होते, आणि त्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. मराठी संतपरंपरेत गावावरून, गुरूवरून किंवा दैवतावरून पडलेली नावे पुष्कळ आढळतात; स्वयंपाकघरातल्या सर्वांत स्वस्त मातीच्या भांड्यावरून पडलेले नाव क्वचितच आढळेल.

त्यांच्या प्रारंभीच्या कार्याचे स्थान पूर्णेकाठचे ऋणमोचन हे आहे. तेथील जत्रेस येणारे यात्रेकरू चिखलातून नदीत उतरत आणि चिखलातूनच बाहेर येत. १९०८ च्या सुमारास बाबांनी तेथे घाट बांधण्याचे काम हाती घेतले. तीर्थाच्या पावित्र्याविषयी त्यांनी वाद घातला नाही. उतरण्याची जागा मात्र बांधून काढली. पुढील सर्व कार्याची पद्धती या एका कृतीत बीजरूपाने दिसते.

ती पद्धती पुढीलप्रमाणे सांगता येईल. बाबा एखाद्या गावी येत, आणि आल्याबरोबर खराटा घेऊन गावातली वाट, देवळापुढचे आंगण, पाण्याच्या जागेभोवतालची घाण झाडू लागत. कोणास काही सांगत नसत. हळूहळू गावकरी गोळा होत व पुष्कळदा हातभार लावीत. रात्री कीर्तन होई. दिवसा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ रात्री कानांनी ऐकावयाचा, असा हा क्रम होता. उपदेशकाच्या व्यवहारात सामान्यतः शब्द आधी आणि कृती मागाहून येते, किंवा येतही नाही. येथे क्रम उलटा होता. म्हणून 'स्वच्छता' या शब्दाला श्रोत्याच्या मनात आधीच एक झाडलेले आंगण उभे असे.

कीर्तनाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग, उत्तररंग आणि संस्कृत अवतरणे यांना येथे फाटा दिलेला असे. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत; सभा एका आवाजात उत्तर देई; त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. अशा पाच-सात पायऱ्यांनंतर निष्कर्ष येई, तो वक्त्याच्या नव्हे तर श्रोत्यांच्याच तोंडून. दुसऱ्याने सांगितलेले मत नाकारता येते. स्वतः उच्चारलेले वाक्य नाकारणे अवघड असते. मधूनमधून होणारा नामघोष सभेला एकत्र बांधून ठेवी व विचाराला विसावा देई. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे, त्यामुळे ही रचना आजही प्रत्यक्ष ऐकून तपासता येते.

या कीर्तनाची भाषा वऱ्हाडी होती. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बाबांनी घर सोडले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, आणि त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. 'मला, लोकांना' याऐवजी 'मले, लोकाले', 'पाणी'ऐवजी 'पानी', 'डोळा, जवळ' याऐवजी 'डोया, जवय', 'झाडत आहे' याऐवजी 'झाडून राह्यला' ही तिची ठळक लक्षणे होत. शिष्ट समाज ही बोली अशुद्ध समजत असे. म्हणजे भाषेतही शुद्ध-अशुद्धाचा एक विटाळ होताच. बाबांनी ज्याप्रमाणे हलके समजले जाणारे काम हाती घेतले, त्याचप्रमाणे हलकी समजली जाणारी बोली व्यासपीठावर नेली. आणि तीच भाषा मुंबईसह महाराष्ट्रात सर्वत्र जनसमूहाने ऐकली. बोली बदलली नाही म्हणून आशय खुजा झाला नाही, हे यावरून सिद्ध होते.

त्यांच्या धर्मशाळा हाही आरोग्यकार्याचाच भाग समजला पाहिजे. यात्रा आणि पटकी यांचा संबंध जुना आहे. दाटी, उघड्यावरचा शौच आणि एकच पाणवठा या तीन गोष्टी एकत्र आल्या की साथ यात्रेकरूंबरोबर गावोगाव जाई. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांनी गरीब यात्रेकरूला छप्पर आणि स्वच्छ जागा दिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी होती. ती १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपविण्यात आली. मुंबईत दादर येथील धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना आसरा देते. याच काळात वऱ्हाडात अन्य प्रयत्नही चालू होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीस कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. त्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हा त्या काळचा शब्द आहे, ज्याची जागा पुढे 'कुष्ठरोगी' या शब्दाने घेतली. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या १९५५ च्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी व ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत.

इंग्लंडशी तुलना केली असता या कार्याचे वैशिष्ट्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. तेथे १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला. १८५४ मध्ये जॉन स्नोने लंडनमधील एका पंपाच्या पाण्याशी कॉलऱ्याचा संबंध दाखविला. त्यानंतर भुयारी गटारे, पाणीपुरवठा आणि निरीक्षकांची यंत्रणा उभी राहिली. १९५६ मध्ये हवा शुद्ध राखण्याचाही कायदा झाला. कर, अभियंता आणि निरीक्षक हे त्या व्यवस्थेचे तीन आधारस्तंभ होते. वऱ्हाडातल्या खेड्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला, परंतु तो गावापर्यंत पोचण्यास काळ लागणार होता. त्या रिकाम्या जागेत एक माणूस खराटा घेऊन उभा राहिला.

तथापि खराट्याने सर्व साधते, असे मानणे चूक होईल. झाडलेल्या आंगणातल्या विहिरीतही जंतू असू शकतो. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलच खारे आहे. त्या गावकऱ्याने घर कितीही स्वच्छ ठेवले, तरी त्याच्या विहिरीला गोड पाणी लागत नाही. तेथे दुरून आणलेले धरणाचे पाणी हाच उपाय आहे, आणि तो शासनाचे व अभियंत्याचेच काम आहे. नारूचा रोग लोकांनी पाणी गाळून प्यावयास शिकल्याने आणि पायऱ्यांच्या विहिरी सुरक्षित केल्याने, अशा दोन्ही मार्गांनी गेला; २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. सवय आणि बांधकाम यांपैकी एकानेच भागत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. संताने खराटा हाती घेतल्याने खराट्याला प्रतिष्ठा मिळाली; परंतु ज्यांच्या हाती तो जन्माने दिला गेला होता, त्यांच्या हातून तो सुटला नाही. मानवी मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. जातिवाचक नावांच्या जागी 'सफाई कामगार' हा शब्द आला, हे योग्यच झाले. पण नाव बदलल्याने वेतन बदलत नाही आणि गटारातला विषारी वायूही बदलत नाही.

बाबांचे निर्वाण २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक झाले. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या प्रवाहात 'हागणदारीमुक्त गाव' हा शब्दप्रयोग शासकीय मराठीत रूढ झाला. सभ्य लेखनाने टाळलेला एक उघडा ग्रामीण शब्द अशा रीतीने शासननिर्णयात आणि गावाच्या वेशीवरील फलकावर आला. भाषेच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता, आणि तो बाबांच्या रीतीला साजेसा होता. परंतु त्याच मोहिमेत पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठणाऱ्या पथकांना 'गुड मॉर्निंग पथक' असे नाव पडले. वस्तूचे नाव मराठीत उघड झाले आणि माणसाला लाज आणण्याच्या कृतीवर मात्र परकीय सौजन्याचे पांघरूण पडले.

या दोन शब्दप्रयोगांतील अंतर हाच प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष होय. पहिला शब्द घाणीला नाव देतो. दुसरा घाणीवरून माणसाला कमी लेखतो, म्हणजे पुन्हा विटाळाकडे वळतो. घरात शौचालय नाही, असलेल्यास पाणी नाही, अशा स्त्रीला पहाटे शिट्टी वाजवून उठविण्याने तिला अपमान मिळतो, शौचालय मिळत नाही. बाबांनी घाणीवर प्रहार केला, पण ती करणाऱ्याला सभेत उभे केले नाही. त्याच्या दारापुढची जागा स्वतः झाडली आणि मग त्याला प्रश्न विचारला. आरोग्यखात्याची परिभाषा घडविताना शब्द सोपा असावा, एवढे पुरेसे नाही. तो शब्द ऐकणाऱ्याला सहकारी मानतो की आरोपी, हेही तपासले पाहिजे.