पाठीवर दोन सिलिंडर म्हणजे पाण्याखाली दुप्पट वेळ? स्कूबातल्या ‘ट्विन टँक’चं गणित समजून घ्या

शिरूर-दौंडकडे पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत उडी मारायची, हे कित्येकांनी केलंय. आता त्याच गावांतली पोरं सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर सिलिंडर घेऊन समुद्रात उतरतात आणि माशांसोबतचं रील टाकतात. मग पुढचं रील येतं एखाद्या परदेशी डायव्हरचं, पाठीवर एक नाही तर दोन सिलिंडर. खाली कमेंट ठरलेली, ‘एवढी हवा असेल तर तासन्‌तास खाली राहता येईल!’

तसं नसतं. का नसतं, ते पाहू.

सिलिंडरमध्ये नेमकं काय असतं?

पहिला गैरसमज इथेच आहे. स्कूबाच्या साध्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, गाळून दाबून भरलेली साधी हवा असते. वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन घेऊन पाण्यात उतरणं जिवावर बेतू शकतं. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली विषारी ठरतो, झटके येतात आणि माणूस बुडतो.

१२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरली की ती होते २,४०० लिटर. २०० बार म्हणजे किती? कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतो. गाडीची सीएनजी टाकी मात्र जवळपास २०० बारलाच भरतात. म्हणूनच सीएनजीसारखीच या सिलिंडरचीही ठरावीक वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. भारतात अशा सिलिंडरना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

खोल गेलं की हवा लवकर का संपते?

पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे आपल्या विहिरीच्या भाषेत साधारण साडेपाच परसाला, दाब एका वातावरणाने वाढतो. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर १० मीटरवर ४० लिटर, २० मीटरवर ६० लिटर आणि ३० मीटरवर ८० लिटर लागते.

शेवटची ५० बार हवा राखीव ठेवायची असते. म्हणजे एका सिलिंडरमधली वापरण्याजोगी हवा १,८०० लिटर. त्यावर ढोबळ हिशेब असा:

- १० मीटरवर ४५ मिनिटं
- २० मीटरवर ३० मिनिटं
- ३० मीटरवर साधारण २२ मिनिटं

मग दोन सिलिंडर घेतले की वेळ दुप्पट झाली ना?

हवा दुप्पट झाली. शरीराची मर्यादा तीच राहिली.

दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. झटकन वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून लकवा मारण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून प्रत्येक खोलीवर किती वेळ थांबलं तर टप्प्याटप्प्याने न थांबता वर येता येईल, याचे तक्ते ठरलेले आहेत. ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात ही मर्यादा २० मीटरला ४५ मिनिटं आणि ३० मीटरला फक्त २० मिनिटं आहे.

आता वरच्या हिशेबाशी जुळवून पाहा. ३० मीटरवर एका सिलिंडरची हवा २२ मिनिटं पुरते, मर्यादा २० मिनिटांची. म्हणजे हवा आणि वेळ जवळपास एकत्रच संपतात. दोन सिलिंडर असतील तर हवा ४५ मिनिटांची, मर्यादा मात्र २० च. हवा शिल्लक दिसते म्हणून माणूस खालीच रेंगाळला, तर धोका तिथेच सुरू होतो. एक सिलिंडर हवा संपवून तुम्हाला वर पाठवतं. दोन सिलिंडर असले की वर कधी यायचं, हे तुमचं तुम्हालाच पाळावं लागतं.

मग ट्विन टँक असतो कशासाठी?

बिघाड झाला तर पर्याय हवा म्हणून. रचना समजायला गच्चीवरच्या दोन पाण्याच्या टाक्या आठवा. मध्ये जोडपाइप आणि त्यावर एक कॉक. ट्विन टँकमध्ये या जोडपाइपला मॅनिफोल्ड म्हणतात आणि मधल्या कॉकला आयसोलेटर.

- एका बाजूचा रेग्युलेटर बिघडून हवा सुटू लागली, तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा. दोन्ही सिलिंडरमधली उरलेली हवा दुसऱ्या बाजूने मिळत राहते.
- गळती सिलिंडरच्या मानेपाशी किंवा मॅनिफोल्डवरच असेल, तर आयसोलेटर बंद करायचा. निदान निम्मी हवा वाचते.

जोडणी कशी करतात?

दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे, एकाच दाबाचे आणि टेस्ट झालेले हवेत. ते स्टीलच्या दोन पट्ट्यांनी एकत्र आवळतात. पट्ट्यांच्या बोल्टमधलं अंतर साधारण २८ सेंटिमीटर ठेवतात, कारण पाठीवरच्या धातूच्या पट्टीला, म्हणजे बॅकप्लेटला, तेवढ्याच अंतरावर भोकं असतात. मॅनिफोल्ड बसवणं आणि काढणं हे सिलिंडर पूर्ण रिकामे असताना, प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करायचं काम आहे.

दोन्ही बाजूंना एकेक रेग्युलेटर लागतो. प्रचलित पद्धतीत उजवीकडून मुख्य श्वासनळी आणि तरंगण्याच्या ‘विंग’मध्ये हवा भरणारी नळी निघते. मुख्य नळी साधारण २.१ मीटर लांब असते, म्हणजे जोडीदाराची हवा संपली तर ती त्याला देता येते. डावीकडे गळ्यात अडकवलेलं राखीव मुखयंत्र आणि दाबमापक असतो. यामागे कारण आहे. पुढे जाताना छताला किंवा जहाजाच्या पत्र्याला घासून डावा व्हॉल्व्ह बंद होऊ शकतो. उजवा घासला तर उलट उघडण्याच्या दिशेने फिरतो.

नेहमीची चूक आयसोलेटरची. तो बंद राहिला तर मापक फक्त डाव्या सिलिंडरचा दाब दाखवतो. उजवा अर्धाच भरला असेल किंवा संपत आला असेल, तरी काटा ‘भरपूर’ सांगतो. म्हणून भरण्याआधी आणि उतरण्याआधी तो पूर्ण उघडा असल्याचं हाताने तपासतात.

स्टीलचा असा भरलेला सेट ३५ ते ४० किलोंपर्यंत जातो. त्यातली हवाच जवळपास ६ किलो असते. ती संपत गेली की सेट हलका होतो आणि डायव्हर वर ढकलला जातो. म्हणून कमरेचं वजन रिकाम्या सिलिंडरचा विचार करून ठरवतात. शिवाय हात मागे नेऊन तिन्ही व्हॉल्व्ह स्वतः बंद-चालू करता आले पाहिजेत. ते जमत नसेल, तर दुसरा सिलिंडर म्हणजे नुसतं ओझं.

आपल्याकडे याची गरज कुठे पडते?

तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणला पर्यटकांना जे स्कूबा करवतात ते उथळ पाण्यात, प्रशिक्षकासोबत. तिथे एक सिलिंडर पुरेसा असतो. हौशी डायव्हिंगची मर्यादाच सुरुवातीला १८ आणि पुढच्या प्रशिक्षणानंतर जास्तीत जास्त ४० मीटर आहे.

विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत आंग्रिया बँक हा प्रवाळांचा पाण्याखालचा पठार आहे. त्याचा माथाच साधारण २० मीटर खोल. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय करण्याची योजनाही आहे. अशा खोल जागी किंवा जहाजाच्या आत शिरताना ट्विन टँकचा उपयोग कळतो. तिथे हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक परतायला आणि एक अडचणीसाठी.

घोड, भीमा किंवा उजनीच्या फुगवट्यात मात्र हा प्रयोग नको. गढूळ पाणी, जाळी, झाडांची खोडं हे आहेच. शिवाय हा भाग समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास आहे. ३०० मीटरच्या वर डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते तसेच लागू होत नाहीत.

आणि परतीचा घाट?

हे मालवणला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. समुद्रात विरघळलेला नायट्रोजन वर आल्या आल्या निघून जात नाही. विमानप्रवासासाठी ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायला सांगतं. हा सल्ला ६१० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. उथळ पाण्यातल्या एका डाइव्हला धोका कमी असतो. पण दोन-तीन खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी घाटात घालण्यापेक्षा मालवणला एक मुक्काम वाढवलेला बरा.