दयाळाचे ध्वनिमुद्रण

आमच्या रावपुऱ्यातल्या वाड्याचा कडुनिंब पावसाळ्यानंतर तुटणार हे ठरले, तेव्हा त्यावर पहाटे गाणाऱ्या दयाळाचा आवाज तरी जपावा, असे मनाने घेतले. ध्वनिमुद्रणातले मला ओ की ठो कळत नाही. नातू म्हणाला, ‘आजोबा, कृत्रिम बुद्धीला विचारा.’

तिचा पहिलाच प्रश्न शहाणपणाचा होता: पक्षी किती हातांवर बसतो? ध्वनिग्राहकाला स्वतःचीच एक खरखर असते, मंद आवाज टिपायचा तर ती कमी हवी; रोडे एनटी-१ ची अवघी ४.५ डेसिबल. मात्र तिनेच सुचविलेल्या स्वस्त मुद्रकातून या ध्वनिग्राहकाला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा होतच नव्हता! ‘काका, आ नहि चाले,’ दुकानदार म्हणाला. बाईसाहेब क्षमा मागून मोकळ्या.

१८८९ साली लुडविग कॉख या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर शामा पक्ष्याचे गाणे उतरविले. शामा म्हणजे आमच्या दयाळाचाच भाऊबंद. त्याला सल्ला कोणी दिला असेल?

परवा पहाटे दयाळ गायला. मागे सौ.च्या पूजेची घंटा ऐकू येते. ‘ती पुसून टाकू का?’ बुद्धीने विचारले. मी नको म्हटले.