कबरीवरचा खोडलेला शब्द

पाकिस्तानी पंजाबात चिनाब नदीच्या काठी रबवा नावाचं गाव आहे. सरकारदरबारी त्याचं नाव आता चिनाबनगर. तिथल्या कब्रस्तानात अब्दुस सलाम यांची कबर आहे. १९७९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पटकावणारे हे शास्त्रज्ञ पाकिस्तानचे पहिले नोबेलविजेते. कबरीवरच्या ओळीत त्यांना 'मुस्लिम' म्हटलं होतं. तेवढा शब्द पुढे खोडण्यात आला.

सलाम अहमदिया होते. अहमदिया स्वतःला मुसलमान मानतात. पण पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांना ते पैगंबरपदाचा मान देतात, हे बहुतेक उलेमांना मान्य नाही. हा वाद धर्मपंडितांचा होता. तो राज्यघटनेत शिरला, तिथे घात झाला.

१९५३ मध्ये अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या, लाहोरात मार्शल लॉ लागला. चौकशीला बसलेल्या न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी एकेका उलेमाला विचारलं, मुसलमान कोणाला म्हणायचं? कोणत्याही दोघांची उत्तरं जुळली नाहीत. विद्वानांना न सुटलेला हा प्रश्न ७ सप्टेंबर १९७४ रोजी संसदेने मतदानाने निकालात काढला आणि अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. विरोधात एकही मत पडलं नाही. हे सभागृह लोकांनी निवडून दिलेलं होतं, म्हणूनच ही घटना अधिक अस्वस्थ करते. कोणाची श्रद्धा खरी, हे बहुमताने ठरवण्याचा अधिकार संसदेला कुणी दिला?

एकदा दार उघडलं की आत काय काय येतं, हे पुढे दिसलं. १९८४ मध्ये लष्करशहा जनरल झियांच्या वटहुकमाने अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. २८ मे २०१० रोजी लाहोरमधल्या त्यांच्या दोन प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले, ऐंशीहून अधिक माणसं मेली. २०१८ मध्ये आतिफ मियाँ या नामवंत अर्थतज्ज्ञाला सरकारच्या आर्थिक सल्लागार परिषदेतून काही दिवसांतच बाहेर पडावं लागलं. कारण त्यांचा पंथ.

सगळ्यात खोल वार मात्र मतदारयादीवर झाला. २००२ मध्ये हिंदू, ख्रिस्ती, शीख, मुसलमान अशा सर्वांची यादी एक झाली. अहमदियांची तेवढी वेगळी राहिली. मत द्यायचं तर आपण मुसलमान नाही, हे आधी कबूल करायचं. श्रद्धा नाकारण्यापेक्षा मत सोडून देणं बहुतेकांनी पत्करलं. परिणामी, अहमदियांचीच बहुसंख्या असलेल्या चिनाबनगरच्या कारभारात त्यांचाच आवाज नाही.

फेब्रुवारी २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीतही ही वेगळी यादी कायम होती.