फोडणीला टिकणारं दार

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आपण रंग पाहून निवडतो. पण त्याची रोजची गाठ पडते ती फोडणीचं तेल, कुकरची वाफ आणि हळदीच्या हातांशी.

दारावर चढवायच्या आवरणांपैकी लॅमिनेट, म्हणजेच सनमायका, हे मुळात कागदाचे थर. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट कागदांवर मेलामाइनचा नक्षीदार कागद ठेवून ते उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. साधारण 1 मिलिमीटर जाडीची ही शीट ओरखडे आणि डाग चांगले सोसते. ॲक्रिलिक आरशासारखं चमकतं, पण बोटांचे ठसे आणि बारीक चरे लगेच दिसतात. पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात सांधा दिसत नाही. मात्र तो महाग, आणि टवका उडाला तर दुरुस्ती किचकट. मेम्ब्रेन दारांचं पीव्हीसी आवरण शेगडीजवळच्या उष्णतेने सुटू शकतं.

खरा घात होतो तो कडेला. कड झाकणारी एजबँडची पट्टी नीट चिकटली नसेल, तर तिथून पाणी शिरतं आणि आतला एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा बोर्ड, फुगतो. म्हणून सिंकखाली आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लायवूड आणि शेगडीभोवती मॅट लॅमिनेट घ्या. दुकानात नमुना पाहताना त्याच्या कडेवरून बोट नक्की फिरवा.