परसातले तळे

परसात तळे करायचे म्हणताच सौभाग्यवती म्हणाल्या, “आधी मोरी दुरुस्त करा!” तेव्हा गोठ्यातली पडीक दगडी डोण जमिनीत पुरली, नळाच्या पाण्याने भरली आणि लगेच चार सोनेरी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी चारही तरंगत होते. धाकटी त्या रात्री जेवली नाही.

दोष माझ्या घाईचा! नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांना बाधतो. आणि मासे सोडतात तो विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या खेपेस पाणी 2 दिवस उघडे ठेवले, पाणवनस्पती लावली, एकच मासा सोडला. दर आठवड्याला थोडे पाणी काढून शिळे पाणी घातले. महिन्याने जोडीदार आणला.

वाचकहो, दोघेही आज डासांच्या अळ्या मटकावीत आहेत. मोरी मात्र अजून तुंबलेलीच आहे!