मध्यरात्री बुडणारा डेटा

मोबाइलचा दर शहरात आणि जंगलात एकच, म्हणून तो न्याय्य, असा माझाही समज होता. भामरागडच्या आठवडी बाजारात एका विद्यार्थ्याशी बोलताना तो डळमळला. त्याच्या गावात रेंज नाही. बाजाराच्या दिवशीच तो शिष्यवृत्तीचा अर्ज पाहतो, अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घेतो. दुपारीच त्याचा त्या दिवसाचा डेटा संपला होता.

हिशेब साधा आहे. जुलै 2024च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा, 28 दिवसांचा एक प्रचलित प्लॅन 299 रुपयांना झाला. चंद्रपूर शहरातल्या ग्राहकाला त्यात 42 जीबी वापरता येतात. जीबीमागे सुमारे 7 रुपये. या मुलाला चार बाजारांचे मिळून 6 जीबी. जीबीमागे जवळपास 50 रुपये. उरलेले 36 जीबी रोज मध्यरात्री थोडेथोडे बुडतात.

कंपन्यांची बाजूही आहे. जंगलात ग्राहक विरळ, वीज बेभरवशाची, मनोऱ्याचा खर्च मोठा. पण त्यासाठीच कंपन्यांच्या समायोजित महसुलातले 5 टक्के सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीत, जातात. नक्षलग्रस्त भागातले मनोरे याच निधीतून उभे राहिले. हा महसूल येतो रिचार्जमधून, त्या मुलाच्याही. रोजच्या मर्यादेने मनोऱ्यावरचा भार विभागला जातो, हेही खरे. पण जो सहा दिवस रेंजबाहेर असतो, त्याचा भार त्या दिवसांत शून्यच असतो.

नियम काय सांगतात? 8 फेब्रुवारी 2016 रोजी ‘ट्राय’ने मजकुरानुसार डेटाचे वेगळे दर लावण्यास मनाई केली. तुम्ही काय पाहता यावर दर ठरू नये, हे त्यातून साधले. किती दिवस पाहू शकता, हा प्रश्न राहिला. 2024च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार 24 तासांहून अधिक सेवा बंद राहिल्यास भरपाई म्हणून प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढते. मात्र तिथे मोजमाप जिल्ह्याचे आहे आणि नैसर्गिक आपत्ती वगळलेली आहे. गडचिरोलीत 12 तालुके. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा नियमाचा हात तिथवर पोचत नाही.

म्हणून मला दोन बदल हवेसे वाटतात : न वापरलेला डेटा प्लॅनची मुदत संपेपर्यंत साठून राहावा, आणि बंद सेवेची मोजणी जिल्ह्याऐवजी मनोऱ्यागणिक व्हावी. यात कुणाला सवलत द्यायची नाही. ज्याचे पैसे घेतले, ते त्याच्या हाती पडावे, एवढेच.