अंगठा उमटत नाही

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता नेऱ्यात शिरतो, तिथे सकाळी दहाला पाय ठेवायला जागा नाही. मालडुंग्याकडच्या वाड्यांवरून आलेल्या ठाकर बाया कंटोळी आणि टाकळ्याच्या जुड्या पुढ्यात मांडून बसल्या आहेत. त्यांच्या टोपल्यांना जवळजवळ घासून सिमेंटच्या मिक्सरगाड्या जातात. सिडकोच्या नैना प्रकल्पाचं नाव निघाल्यापासून या पट्ट्यात भातखाचरांच्या बांधावर इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. गाढी नदी पावसाने गढूळ होऊन दुथडी वाहते आहे.

रस्त्यालगत एक अरुंद गाळा आहे. आधार, पॅन, सातबारा, वीजबिल, रेल्वे तिकीट अशा सगळ्या कामांची यादी दारावरच्या फलकावर आहे. आत एक तरुण, एक संगणक, एक प्रिंटर. बाहेरच्या बाकावर आम्ही पाचसहाजण आहोत.

माझ्या शेजारच्या मावशी शांतिवनातून आल्या आहेत. कुष्ठरोग निवारण समितीची ही वसाहत नेऱ्याला कित्येक दशकांपासून आहे. आता तिथे कुष्ठरुग्णांबरोबर आदिवासी मुलांची आश्रमशाळा आहे आणि वृद्धाश्रमही आहे. मावशींनी साठी ओलांडली आहे. पायात काळ्या, मऊ रबराच्या चपला, मागून पट्टा लावलेल्या. त्यांत एकही खिळा नाही, कारण पायाला संवेदना नसली की खिळा रुतून जखम चिघळेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. बाकावर टेकताच त्या आधी चपला काढतात, एकेक पाय दुसऱ्या मांडीवर घेतात आणि तळवा उजेडाकडे वळवून नीट पाहतात. हात फिरवून भागत नाही. हातालाही खडा कळत नाही. डोळ्यांनी खात्री झाली की पुन्हा चपला चढवतात.

त्यांच्या पलीकडचे काका त्याच रिक्षाने आले आहेत. ते वृद्धाश्रमात राहतात. मुलगा न्यू जर्सीत. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा आहे, कारण जुना बंद पडल्यापासून बँकेचा ओटीपी भलतीकडेच जातो. काका मुलाकडे काही वर्षं राहून आले आहेत आणि तिथलं सांगायला त्यांना आवडतं.

“तिकडे सोशल सिक्युरिटीचं एक कार्ड असतं,” ते सांगतात. “साधा कागद. नाव आणि नऊ आकडी नंबर. फोटोसुद्धा नाही.”

“अन् पैसे?” मावशी विचारतात.

“काम केलेलं असेल तर म्हातारपणी दरमहा. पगारातून कापून घेतात ना आधी. दहा वर्षं तरी भरावे लागतात. मी तिथे नातवंडं सांभाळली, त्याचे कोण भरणार? मला काही नाही.”

“म्हंजी घरातलं काम धरत न्हाईत.”

“नाही धरत.”

मावशी मान डोलावतात. त्यांना यात नवल वाटलेलं दिसत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी सोलापूरकडून त्यांना इकडे आणून सोडलं. तेव्हापासून गोठ्यातलं शेण काढलं, भाजी लावली, पंगतीच्या भाकऱ्या थापल्या. बोटं आखडत गेली तसं कामही बदलत गेलं, पण काम सुटलं नाही. यातलं काहीच पगारपत्रकात नाही. काकांच्या बोलण्यावरून मला आठवतं ते अमेरिकेतच घडलेलं: १९३५ साली रूझवेल्टने सही केलेल्या सोशल सिक्युरिटीच्या कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार यांना जागाच नव्हती. ती मिळायला पुढची दशकं लागली. कोणतं काम मोजायचं हे कष्टांवर ठरत नाही, ते मोजणाऱ्याच्या सोयीवर ठरतं. तिथेही आणि इथेही.

मावशींचा नंबर लागतो. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान त्यांना मिळतं. २०२३ मध्ये हजाराचे दीड हजार झाले, त्यातून औषधपाणी आणि भाचीच्या मुलांना खाऊ निघतो. अनुदान चालू राहायला वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवून द्यावं लागतं.

तरुण यंत्राची काच पुसतो. “मावशी, अंगठा.”

मावशी हात पुढे करतात. बोटं तळव्याकडे वळलेली, टोकं झिजून आखूड झालेली. अंगठ्याची कातडी गुळगुळीत, एक रेषा नाही. तरुण तो हात बिनदिक्कत हातात घेतो, स्वतःच्या बोटाने त्यांचा अंगठा काचेवर दाबून धरतो. मला हे पाहून बरं वाटतं. याच हातांसाठी या देशात १८९८ चा कायदा होता, रुग्णाला पकडून कोंडून ठेवण्याची मुभा देणारा, आणि तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांचाही उल्लेख आहे.

पडद्यावर लाल पट्टी येते. दुसरं बोट, तिसरं. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. लाल पट्टी.

“फोटोवर बघू,” म्हणत तो मोबाइल समोर धरतो. “आता डोळ्यांची उघडझाप करा.”

मावशी डावी पापणी मिटतात. उजवी अर्ध्यावर थांबते. चेहऱ्याची नस रोगाने गेली की पापणी पुरती मिटत नाही. झोपेतसुद्धा डोळा उघडा राहतो, म्हणून रात्री त्यावर ओढणी घ्यावी लागते. मोबाइल पुन्हा पुन्हा तेच सांगतो आणि मावशी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. बाहेर रांगेतलं कुणीतरी घाई करतं. मावशींचा आवाज पहिल्यांदाच चढतो, “अरं, मी हितं बसलीया. तुझ्याशी बोलतीया. ही हयात न्हाई का?”

तरुणाकडे उत्तर नसतं. मला राग येतो, त्याचा नव्हे. ज्या रोगामुळे ही मदत द्यायची त्या रोगाने काय काय नेलं, हे ठाऊक असूनही पुरावा नेमका त्याच अवयवांचा मागणारी व्यवस्था कुणीतरी बसून आखली आहे. हा रोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. त्या औषधांचा रस्ता अमेरिकेतूनच निघाला: लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात १९४१ मध्ये प्रोमिन वापरून पाहिलं, आणि त्याच कुळातल्या डॅप्सोनच्या गोळ्या मावशींनी लहानपणी वर्षानुवर्षं खाल्ल्या. कार्व्हिलमध्ये तेव्हा दाखल होताना अनेकजण घरच्यांची बदनामी टाळायला खरं नाव टाकून देत. मताचा हक्कही त्यांना १९४६ पर्यंत नव्हता. पुढे रुग्णालय बंद करताना सरकारने बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना वर्षाला ३३ हजार डॉलरची तहहयात रक्कम देऊ केली. उशीर झालाच, पण आपण या माणसांचं आयुष्य घेतलं याची कबुली त्या रकमेत होती.

काका आत डोकावतात. “अरे, आधार काढताना डोळ्यांचा फोटो घेतात ना? ते यंत्र नाही का तुझ्याकडे?”

तरुण खालचा खण उघडतो. वायरींच्या गुंत्यातून दुर्बिणीसारखं काळं यंत्र निघतं. धूळ झटकून तो जोडतो, पहिल्यांदा चालत नाही, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो. मावशी ते डोळ्यांना लावतात. हात नीट धरू शकत नाहीत म्हणून तो मागून आधार देतो.

“मावशी, डोळा उघडा ठेवा हां. मिटू नका.”

“उजवा मिटतोय कुठं?”

हिरवी पट्टी येते. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर काढतो. मावशी पिशवीतून पैसे काढतात, कागद घडी न घालता प्लास्टिकच्या पाकिटात सरकवतात. तरी उठत नाहीत.

“पोरा, आमच्यातली अजून येणार हायती. त्यास्नी अंगठा मागत बसू नगंस. आधी ही मशीन काढ.”

“काढतो.”

“तोंडी नगं. लिहून लाव. तू नसलास तर दुसरं पोरगं असतंय हितं.”

तरुण मार्कर घेतो, कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि पडद्याच्या कडेला चिकटवतो. मावशी काकांकडून ते वाचून घेतात, “आधी” हा शब्द राहिला आहे म्हणून पुन्हा लिहायला लावतात, आणि मग काकांना खुर्ची देतात.